तीस पोकळ हात

भोपाळला आमच्या कॉलनीत मराठी बायकांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा जमायचं, जी कुठे फिरून आली असेल तिने लिहून आणायचं आणि सगळ्यांना वाचून दाखवायचं, असा आमचा रिवाज. बाली झालं, काश्मीर झालं, चारधाम तर तीनदा झालं. माझी पाळी आली तेव्हा सगळ्या सावरून बसल्या. बाई रोइंगमध्ये देशाकडून खेळलेली, सतरा देश फिरलेली, आता काहीतरी भारी ऐकायला मिळणार! मी म्हटलं, "मी चाकणला गेले होते, त्याचं लिहिलंय." कुलकर्णीबाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "चाकण? ते कांद्याचं?"

हो, तेच कांद्याचं. आणि सतरा देशांचं खरं सांगू का? मी त्यांतला एकही पाहिलेला नाही. कोरियात पाहिलं ते दोन हजार मीटर पाणी. स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा दोन हजार मीटर पाणी, आणि त्यावर तीच ती तरंगत्या बोयांची रांग. बाकी विमानतळ, हॉटेलातला उकडलेला नाश्ता आणि वजनकाटा. त्या तळ्याच्या मागे बर्फाचे डोंगर होते म्हणे, ते मी परत आल्यावर दातांच्या डॉक्टरकडे कॅलेंडरवर पाहिले. त्यामुळे प्रवासाचं लिहायचंच, तर जिथे मी डोळे उघडे ठेवून गेले तिथलं लिहावं, असं ठरवलं.

गेले कशासाठी, ते आधी सांगते. आमच्या खेळात दोघींच्या होडीसाठी मुली निवडायची एक पद्धत आहे. चार मुली, दोन होड्या. एक शर्यत लावायची. मग काठाला आणून दोघींची अदलाबदल करायची आणि पुन्हा तीच शर्यत लावायची. जी आल्यावर होडी पळते, तिला जागा. ह्यात लबाडीला एकच फट आहे. जोडीला बसलेली मुलगी आपल्याला नको असेल, तर वल्हं पाण्यात घालायचं, ओढल्याचं सोंग करायचं आणि जोर लावायचाच नाही. आम्ही त्याला पोकळ हात म्हणायचो. काठावरच्या माणसाला ते दिसत नाही.

ह्या हिवाळ्यात मी शिकवते त्या मुलींपैकी एकीने हेच केलं आणि मी ते काठावरून ओळखलं. मी तिला तिथल्या तिथे संघातून काढलं, वर अर्धा तास भाषण झोडलं. घरी आले आणि ताट तसंच बाजूला सारलं. कारण सोळा वर्षांपूर्वी दापोडीच्या पाण्यावर मी स्वतः पोकळ हात मारले होते. मोजून तीस. त्यात माझ्या मैत्रिणीची, सुजाताची, जागा गेली आणि मी देशोदेशी फिरले. सुजाताला हे माहीत नव्हतं. ते तिला तोंडावर सांगायचं, एवढ्यासाठी मी चार दिवसांची रजा काढली.

शनिवार, पिंपळे गुरव

स्टेशनवर दादा न्यायला आला होता. "काय राव रूपे, कोच झालीस तरी सुटली नाहीस!" असं म्हणून त्याने माझी बॅग उचलली. आमच्याकडे राव हा शब्द बायकोपासून बैलापर्यंत सगळ्यांना चालतो. भोपाळला मी सुरुवातीला एका प्रोफेसरला "काय राव" म्हटलं होतं, तर त्यांना वाटलं मी त्यांना दुसऱ्याच कुणाच्या आडनावाने हाक मारतेय.

आमचं घर पवनेच्या काठी. पूर्वी ज्वारीचं रान होतं तिथे आता आमचीच चार मजली इमारत आहे आणि तीन मजल्यांवर भाडेकरू. एक ओडिशाचं जोडपं, एक परभणीचा मास्तर, वर चार आयटीवाली पोरं. ती पोरं बारा वाजता उठतात आणि आईला "गुड मॉर्निंग आज्जी" म्हणतात. गोठा होता तिथे पार्किंग झालंय. मी गाडीतून उतरले ती बरोबर आमच्या ढवळी म्हशीच्या जागेवर, आणि मला एकदम शेणाचा वास आला. वास कुठला, मनाचे खेळ. पण डोळ्यांत पाणी आलं हे खरं.

"आलीस का गं बाय?" आई जिन्यातूनच म्हणाली. "किती वाळलीस! तिथं काय खायाला न्हाई का?"

"आहे की. सकाळी पोहे आणि जिलबी."

"पोह्यासंगं जिलबी?" आईने असं तोंड केलं की जणू मी पाप सांगितलं.

ताटात इंद्रायणीचा भात होता, वाफाळलेला, बोटांना चिकटणारा. भोपाळचे लोक बासमती खातात, शितं मोजता येतील असा. मला त्याने कधी पोट भरल्यासारखं वाटलेलं नाही. त्यावर आईची आमटी आणि तळलेली सुकी मिरची. मी तीनदा भात घेतला. माझ्या वजनकाट्याच्या दिवसांत हाच भात आई झाकून ठेवायची आणि मी वासावर जेवायचे.

जेवता जेवता विचारलं, "सुजाता येते का गं?"

"येती की. माझ्या डोळ्याचं आप्रेशन झालं तवा आठ दिस तीच व्हती. तुला कळवू दिलं न्हाई तिनं. म्हणली, तिचा क्यांप हाय, उगं जिवाला घोर नको." आई माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्यापरीस तिच्या हाताला गुण हाय."

मी खाली मान घालून भात कालवला. जिला सांगायला आले होते ती माझ्याच आईच्या डोळ्यांत थेंब घालून गेली होती. परत जावं, असं त्या क्षणी वाटलं.

रविवार, दापोडीचा पूल

सकाळी चालत पुलावर गेले. नदी दिसेना. जलपर्णीने काठापासून काठापर्यंत हिरवी गादी घातलेली, तिच्यावर बगळे चक्क चालत होते. एक मशीन त्यातून खोरी भरभरून जलपर्णी काढत होतं आणि मागे पुन्हा पाणी झाकलं जात होतं. लहानपणी ह्याच पाण्यात आम्ही म्हशी धुतल्यात. आई ओरडायची, नदी ओरडायची नाही.

दापोडीच्या पलीकडे लष्कराच्या हद्दीत रोइंगचं सरळ पाणी आहे. आम्ही तिथे शिकलो. तिथल्या कोचनी, सुभेदार सरांनी, आमच्या शाळेत तीन-चार शाळांच्या मुलींना भिंतीला पाठ लावून उभं केलं होतं आणि दोन्ही हात पसरायला सांगितले होते. खडूने खुणा केल्या. माझी खूण आणि दुसऱ्या शाळेच्या एका काळ्यासावळ्या मुलीची खूण सगळ्यांत लांब निघाली. ती सुजाता. आकुर्डीहून पहिल्या लोकलने यायची, मी सायकलवर. तिचे वडील, आप्पा, एका प्रेस शॉपमध्ये पत्रा कापायच्या मशीनवर होते, माझे वडील म्हशी आणि ज्वारी सांभाळून. पण पाण्यावर दोघींच्या हाताला सारखेच फोड. सुईने फोडायचे, हळद भरायची आणि पुन्हा वल्ह्यावर मूठ आवळायची.

ते दिवस किती चांगले होते हे मला तेव्हा कळत नव्हतं, आता पुलावर उभं राहून कळत होतं. पलीकडच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा तेव्हा आम्ही तिसऱ्या फेरीत असायचो. सर काठावरून सायकलने पळत, भोंग्यावरून आवाज चढवून ओरडायचे, "पोरींनो, पाणी तोडू नका, पाणी ढकला!" सराव झाला की पुलाखाली एका मावशीच्या गाडीवर पोहे. एक प्लेट, दोन चमचे. सुजाता मिरच्या माझ्या बाजूला सारायची आणि मी शेंगदाणे तिच्या बाजूला. जिंकलेल्या पदकांपेक्षा मला ती प्लेट जास्त आठवते.

पाणी एकदा बघावं म्हणून फाटकापाशी गेले. पहाऱ्यावरचा जवान कोवळा होता.

"मैडम, पास?"

"भाई, मैंने यहाँ नौ साल रोइंग की है."

"जी मैडम. पास?"

त्याचं बरोबरच होतं. मी फाटकाच्या जाळीतून वाकून बघितलं. एक झाड आणि पाण्याची बोटभर चमक दिसली, तेवढ्यावर समाधान मानलं.

तिथेच ते घडलं होतं. दोघींच्या होडीत दोन जागा. माझी जागा पक्की होती, दुसरीसाठी सुजाता आणि केरळची लिसी. आता ह्यात एक मेख होती. होडीत एकजण ताल देते आणि दुसरी तिच्या पाठीमागे बसून तो ताल पाळते. ताल कायम मी द्यायचे. पण त्या आठवड्यात सरांनी सुजाताला पुढे बसवून पाहिलं आणि होडी नुसती सुसाट गेली. सर म्हणाले, "ही आली तर ताल हीच देईल." लिसी आली असती तर ताल माझाच राहिला असता. बास. एवढंच कारण होतं. माझी जागा जात नव्हती, मान जात होता. मला तोही सोडवेना. शर्यतीच्या शेवटी शेवटी, सुजाताच्या पाठीकडे बघत, मी तीस हात पोकळ मारले. पुढचीला मागे काय चाललंय ते कळत नाही. आम्ही हरलो, तेही इतक्या थोडक्यात की सरांनी घड्याळ दोनदा पाहिलं. लिसी आत आली आणि पुढच्या वर्षी तिच्याबरोबर मला परदेशात कांस्यपदक मिळालं. आईने ते देवघरात ठेवलंय.

सुजाताने त्या दिवशी माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "माझ्यामुळं तुझं पण नाव खराब झालं असतं."

सोमवार, चाकण

सुजाता चाकणला गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. फोनवर म्हणाली, "निगडीला ये. आमची सेकंड शिफ्टची बस दीडला सुटते, ड्रायव्हरमामांना सांगून ठेवते. तीनला माझी शिफ्ट सुटली की समोरच्या टपरीवर बसू."

निगडीला गेले तर काय! पांढऱ्या बसची रांगच रांग. सगळ्या एकसारख्या, काचेमागे कागदावर नंबर, आणि हातात डबा घेतलेले लोक न बघता आपापल्या बसमध्ये चढत होते. मी पण एका ड्रायव्हरमामांना "चाकण ना?" विचारलं. ते म्हणाले, "मग काय गोव्याला?" मी चढले.

शेजारी एक पंचविशीची मुलगी बसली, गळ्यात ओळखपत्र. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "ताई, नवीन जॉइन झालात?"

चाळिशी उलटलेल्या बाईला कुणी नवीन म्हणालं की बरं वाटतं. मी गोलमाल हसले. झालं, ती मला शिकवायला लागली. सेफ्टी बूट पहिले आठ दिवस चावतात, दोन मोजे घाला. ओव्हरटाइमला लगेच हो म्हणू नका, मग तुमच्याच माथी मारतात. कॅन्टीनला गुरुवारी जाऊ नका. तळवडे गेलं, इंद्रायणी गेली, म्हाळुंग्याला ट्रकांच्या मागे अर्धा तास अडकलो. ह्या सबंध वाटेवर पूर्वी भुईमूग आणि कांद्याची रानं होती. आता शेड, शेड आणि शेड, मध्येच एखादा कोथिंबिरीचा वाफ्याएवढा तुकडा. बस एका फाटकात शिरली आणि मी पाटी वाचली. रबराचे पाइप बनवणारी कंपनी.

"ताई, बूट कुठायत तुमचे?" सिक्युरिटीवाल्याने विचारलं.

मी घोटाळा सांगितला तेव्हा ती मुलगी इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. पण तिनेच मला रिक्षा थांबवून दिली.

टपरीवर सुजाता आधीच बसलेली होती. निळा कोट, केसांत पांढऱ्या बटा, आणि खांदे अजून तसेच, सरळ. मला रिक्षातून उतरताना बघून ती ओरडली, "सतरा देश फिरलीस आणि चाकणला चुकलीस होय गं?"

मी तिला मिठी मारली. तिच्या कोटाला वायरींच्या प्लॅस्टिकचा वास येत होता. वडापाव मागवले, चहा मागवला. ती माझ्या आईच्या डोळ्यांबद्दल बोलली, तिच्या लाइनवरच्या पोरींबद्दल बोलली. लग्न टिकलं नाही त्याबद्दल तिने एक वाक्य सांगितलं आणि विषय मिटवला. मी हसत होते, मान हलवत होते. शेवटी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"सुजे, ती शेवटची शर्यत आठवते?"

"कशी विसरेन? माझे पाय गेले होते."

"तुझे पाय नव्हते गेले. मी जोर काढून घेतला होता. शेवटचे तीस हात. मुद्दाम."

तिने वडापाव कागदावर ठेवला. आधी ती हसली, म्हणजे हसायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"का?"

मी सांगितलं. ताल, मान, सगळं. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटलं की माझीच मला लाज वाटली.

"होडी जड लागत होती," ती हळू म्हणाली. "मी म्हणत होते, अशी जड का लागतेय? म्हटलं, मीच संपले." ती उठली, टपरीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली. "तुला आता बरं वाटतंय का?"

"नाही."

"थोडं तरी वाटत असेल. तू मोकळी झालीस. मी काय करू आता ह्याचं?" तिचा आवाज चढला. "मी सोळा वर्षं निवांत होते गं रूपे! आपण कमी पडलो, विषय संपला. लाइनवर पोरी रडतात, मला प्रमोशन नाही दिलं म्हणून. मी त्यांना माझंच उदाहरण देते. म्हणते, आपल्यात दम नव्हता हे कबूल करा, झोप लागते. आता त्यांना काय सांगू?"

  मी एवढा विचार करून आले होते, पण सत्य ऐकून तिचं काही जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, मग माफ करेल. अक्कल गहाण टाकून आले होते मी.

टपरीवाल्याने न विचारता अजून दोन चहा आणून ठेवले. तिने एक कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "आप्पांना काय वाटतं माहितीये तुला?"

"काय?"

"त्या वर्षी त्यांची प्रेस शॉप बंद पडली होती. तुझ्या आईने दोघींना सारखं मिळावं म्हणून माझ्यासाठी रोज दुधाची किटली पाठवायचं ठरवलं. आप्पांनी पहिल्याच दिवशी परत पाठवली."

ते मला ठाऊक होतं. आई आठवडाभर बडबडत होती.

"आमची पोरगी आमच्या घरचं खाऊन पुढं जाईल, म्हणाले. आणि महिन्याभरात मी हरले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात तेच आहे. माझ्या ताठ्यानं पोरीचं नुकसान झालं. दूध सोडलं त्यांनी, काळा चहा पितात. मी शंभरदा समजावलं. ते म्हणतात, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस." ती माझ्याकडे वळली. "उद्या माझी फर्स्ट शिफ्ट आहे. मी नसताना घरी जा आणि त्यांना सांग. मी सांगितलं तर त्यांना खरं वाटणार नाही. तुझ्या तोंडून वाटेल."

"आणि तू? तू मला..."

"माझं नंतर बघू," ती म्हणाली आणि बसकडे चालायला लागली.

मंगळवार, आकुर्डी

सकाळपासून जेवणात लक्ष नव्हतं. आई म्हणाली, "क्यांपची सवय लागलीया, घरचं गोड लागंना." दुपारी निघाले.

आप्पांचं घर आकुर्डीच्या जुन्या कामगार वस्तीत. दोन खोल्या, दार उघडं, समोर तशीच उघड्या दारांची ओळ. भिंतीवर बुद्धाची मूर्ती ठेवलेली फळी, खाली सुजाताचे शाळेतले कप. भोपाळला मी आमच्या शेजाऱ्यांची नावं तिसऱ्या वर्षी शिकले. इथे मी गल्लीत शिरले तर चार दारांतून "कोणाकडं?" आलं, आणि मी सांगायच्या आत उत्तरही आलं, "आप्पांकडं आलीय ती."

आप्पा पंचाहत्तरीचे असतील. मूळचे लातूरकडचे, बोलीत अजून तिकडची माती. पत्र्याच्या मशीनने त्यांचे कान नेले आहेत. कानाचं यंत्र आहे, पण ते शिट्टी वाजवतं म्हणून डब्यात असतं.

"रूपाली! कवा आलीस लेकरा? बस, बस." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उठून काळा चहा केला. मग फळीवरून एक वही काढली. माझे फोटो. सोळा वर्षांची वर्तमानपत्रांची कात्रणं, खळीने चिकटवलेली. "गल्लीत सगळ्यांना दाखवतो. माझ्या पोरीची मैत्रीण हाय म्हणतो."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी कप खाली ठेवला.

"आप्पा, मला एक सांगायचंय. त्या शेवटच्या शर्यतीत मी जोर लावला नाही."

"काय म्हणायलीस?"

"मी जोर लावला नाही. मुद्दाम."

"मोठ्यानं बोल लेकरा. कान गेलेत."

लाजेची गोष्ट माणूस पुटपुटत सांगतं. ही मला ओरडून सांगावी लागली. "आप्पा! मी मुद्दाम वल्हं ओढलं नाही! सुजाता हरली ती माझ्यामुळं!"

समोरच्या शिंदेबाई लसूण सोलत होत्या, त्या ताटलीसकट उंबऱ्यात आल्या. पलीकडचा रेडिओ बंद झाला.

आप्पांनी वही मिटली. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"किती येळ?"

"तीस हात. शेवटचे."

"आन् माझी पोरगी?"

"ती शेवटपर्यंत ओढत होती, आप्पा! माझ्या वाटचं पण तीच ओढत होती!"

आप्पा बोटांनी वहीची कड दाबत राहिले. मग अगदी हळू विचारलं, इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं, "दूध पेली असती तर?"

"तुमच्या दारात म्हैस बांधली असती ना आप्पा, तरी हरलीच असती! होडीत मी होते!"

त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर धरला. खांदे हलत होते. मी उठून त्यांच्याजवळ जाणार, तर त्यांनी हातानेच मला बसवलं. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि खरंच सांगते, मला त्या हव्या होत्या. पंचा खाली आला तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. दाराकडे बघत होते.

"शिंदेबाई, आत या. त्या काळेंच्या म्हातारीलाबी बोलवा." मग मला म्हणाले, "सांग."

"काय सांगू?"

"आत्ता सांगितलंस ते. परत सांग. ह्यांना ऐकू दे."

मी सांगितलं. शिंदेबाई खाली बसल्या, म्हातारी दाराला टेकली, आणखी दोघीतिघी आल्या. मी ज्या गोष्टीबद्दल सोळा वर्षं नवऱ्याशीही बोलले नव्हते, ती आकुर्डीच्या अर्ध्या गल्लीला ओरडून सांगितली. शिंदेबाई म्हणाल्या, "अगं भवाने!" आणि ते मला पटलं. आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. "माझ्या वाटचं पण तीच ओढत होती" इथे आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा म्हणायला लावलं.

साडेचारला सुजाता आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी. दारात एवढ्या चपला बघून ती बाहेरच थांबली.

"आप्पा, बास आता," ती म्हणाली. "लोक ऐकतायत."

आप्पांनी तिचे ओठ वाचले असावेत. "ऐकू दे! सोळा वर्षं लोकांनी मी सांगितलेलं ऐकलंय. माझी पोरगी उपाशी राहून हरली, हे मीच सांगत फिरलो गं. आता हे ऐकू दे." त्यांनी चटईवर हात थोपटला. "तूबी बस."

ती आत आली. शिंदेबाईंनी सरकून जागा केली. ती माझ्यासमोर बसली, पिशवी मांडीवर तशीच धरून, आणि कालपासून पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात माफी नव्हती. राग होता, आणि तो मला चालणार होता.

"पहिल्यापासून सांग," आप्पा म्हणाले.

मी सुजाताकडे बघितलं.

"सांग," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं सांग. त्यांना ऐकू येत नाही."

माझा घसा बसला होता. मी उरलेला काळा चहा पिऊन टाकला आणि पुन्हा पहिल्या हातापासून सांगायला सुरुवात केली.